सासऱ्यांच्या होडीची डावी कूस

होडी दुरुस्तीला आली की ठोकमास्तर आधी तिला कान लावत. हातात लाकडी हातोडी, डोळे मिटलेले, आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत ठक-ठक-ठक. फायबरच्या आत लाकूड धडधाकट असेल तर आवाज खणखणीत. कुजलं असेल तर भद्द. चकाचक रंगवलेल्या होड्यांवर त्यांचा विशेष राग. "वरून कीर्तन, आतून तमाशा!" असं मालकाच्या तोंडावर सांगायचे आणि त्याचा चेहरा पडला की मनातून खूश व्हायचे. ओल्या लाकडावर फायबर चढवणाऱ्या कारागिराला तर ते सरळ गाढव म्हणत.

मग एक दिवस सासऱ्यांचीच होडी आली. मागोमाग काठी टेकत सासरे आणि हातात डबा घेऊन मास्तरांची बायको.

"तेवीस वर्षांपूर्वी तुम्हीच फायबर चढवलंत, जावईबापू. जरा ठोकून बघा, म्हणजे सोमवारी मी खोल समुद्रात जायला मोकळा."

मास्तरांना ते आठ दिवस चांगलेच आठवत होते. तेव्हा सासऱ्यांची अट होती, आठ दिवसांत होडी पाण्यात, तरच मुलगी तुमची. लाकूड सुकायला महिना हवा होता. मास्तरांनी ओल्या फळ्यांवरच फायबर चढवलं, वर रंगाचे दोन हात मारले आणि लग्न जुळलं.

आता ते उजवी बाजूच ठोकत बसले. खणखणीत. पुन्हा उजवी. पुन्हा खणखणीत.

"डाव्या बाजूशी काही वैर आहे का?" सासऱ्यांनी विचारलं.

डाव्या कुशीवर हातोडी पडली. भद्द. वीतभर पुढे पुन्हा भद्द. मास्तरांनी चोरून मागे पाहिलं. बायको डब्याचं झाकण निरखत होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, रंगाचा एक हात मारला की कुणाला कळतंय? पण सोमवारी म्हातारा याच फळ्यांवर बसून खोल पाण्यात जाणार होता. मास्तर त्याला घाबरत, पण त्यांचा त्याच्यावर जीवही होता. त्यांनी ड्रिलने भोक पाडलं. तपकिरी पाण्याची धार थेट त्यांच्या पायावर आली.

"बाबा, लाकूड तेव्हा ओलं होतं. मला ठाऊक होतं. चूक माझीच."

"म्हणजे गाढव कोण ते ठरलं," सासरे म्हणाले. "मी तेव्हाच फळ्यांना हात लावून पाहिला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

"मग बोलला का नाहीत?"

सासऱ्यांनी काठी मुलीकडे वळवली. "ही म्हणाली, बाबा, होडी तुमची, पण नवरा माझा. गप्प बसा. बसलो. तेवीस वर्षं होडी किनाऱ्यालगतच फिरवली, खोल पाण्यात नेली नाही. आणि सोमवारचं उगाच म्हणालो. बघायचं होतं, तुम्ही खरं बोलता की रंग मारता."

मास्तरांचे डोळे भरून आले.

फायबर सोललं, कुजलेल्या चार फळ्या कापल्या, नव्या बसवल्या. लाकूड चाळीस दिवस सुकत ठेवलं. सासरे रोज येऊन त्यावर तळवा ठेवत आणि "ओलं आहे" म्हणून परत जात.

शेवटी नवं फायबर चढवून होडी पाण्यात सोडली तेव्हा त्यांनी जावयाला हाताला धरून आत बसवलं आणि नाळ थेट खोल समुद्राकडे वळवली.

"आता बघू," ते म्हणाले, "या वेळी कसली घाई होती का ते."