गौरीच्या चिंबोऱ्या

माझं माहेर रोह्याकडचं. तिथे गौरीला पुरणपोळी. सासर धरमतरच्या खाडीकाठी. इथे गौरीला चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे! माहेरवाशिणीला आवडीचंच जेवू घालायचं. फक्त शेजारी बसलेल्या तिच्या लेकाला, गणपतीला, ते दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावतात.

लग्नानंतरच्या पहिल्याच गौरीला चिंबोऱ्या साफ करायचं काम मी हट्टानं मागून घेतलं. पहिलीच चिंबोरी हातातून निसटली आणि तिरकी धावत थेट पडद्याखालून पलीकडे! मी किंचाळत मागे धावले. पडदा वर करते तर ती मोदकांच्या ताटाशी नांग्या उगारून उभी! घरभर हशा, आरडाओरडा. मी झडप घालून तिला धरली. बोटाला नांगी लागलीच.

बोटाचं काही नाही, पण पहिल्याच सणाला मी देव बाटवला होता.

सासूबाईंनी माझ्या बोटाला हळद लावली.

"घाबरतेस काय गो? गौर आईच हाय त्याची. पडदा आपण लावलाय, तिनं नाय."