पहिला शालू

कोऱ्या शालूची घडी मोडली की खळीचा आणि जरीचा मिळून एक वास येतो, आणि मला सात रस्ता चौकातल्या आमच्या जुन्या दुकानातली ती दुपार आठवते. दुकान वडिलांनी, आमच्या दादांनी, उभं केलेलं. ते दवाखान्यात होते म्हणून मी बघत होते. वैरागहून एक लग्नघर बस्त्याला आलं होतं. पांढऱ्या गादीवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या, चहा फिरत होता, पंख्याखाली उलगडलेले पदर फडफडत होते. तेवढ्यात भावाचा फोन आला. "दादा गेले," तो म्हणाला. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. लग्नघराला अशी बातमी सांगत नाहीत, आणि सुतकात लग्नाच्या कापडाला हात लावत नाहीत. मी हात मागं घेतले आणि सेल्समनला पुढं बोलावलं. तशी नवरीची आजी म्हणाली, "ताई, पयला शालू तुमी द्या की. आमच्या घरातले समदे शालू मालकांच्याच हातचे हायती." "आज हे देतील," मी म्हटलं. आजी रुसली. "मालक असते तर सोता उठून दिला असता." "हो, ते असते तर दिला असता," मी म्हणाले, आणि चप्पल घालून पायऱ्या उतरले. रडू आलं नाही. आता आमची सगळी दुकानं मीच चालवते. बस्ता आला की पहिला शालू स्वतः उठून देते. लोक म्हणतात, हाताला वडिलांचा गुण आहे. मला मात्र तेव्हा हात त्या दुपारी मागं घेतले तसेच रिकामे वाटतात.