दुसऱ्याचा प्लेयर

"त्याला माहिती हाय का?"

भाऊंचा हा ठरलेला प्रश्न. तुम्ही काहीही सांगायला जा, तुमचं बोलणं संपायच्या आत हा यायचाच. कोणी म्हणालं, दोस्ताची सायकल घेऊन आलो, की भाऊ म्हणणार, "त्याला माहिती हाय का?" कोणी म्हणालं, आज क्लास बुडवला, की "मास्तरला माहिती हाय का?" आता क्लास बुडवताना मास्तरला कोण सांगतं, तुम्हीच सांगा! पण भाऊ हसायचे नाहीत. उत्तर येईपर्यंत चष्म्यावरून बघत राहायचे.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही, अन् जालन्यात ज्यांना कळायचं त्यांना आतापर्यंत कळलंच असेल. मंठा चौफुलीजवळ एका खताच्या दुकानाच्या वर त्यांचा नेट कॅफे होता. आठ कॉम्प्युटर, एक कूलर, अन् जिना इतका अरुंद की वरून कोणी उतरत असेल तर खालच्यानं रस्त्यावरच थांबायचं. मूळचे मंठ्याकडचे शेतकरी. शेती थोरल्या भावाकडं दिली अन् हे इथं कॉम्प्युटर मांडून बसले. त्यातलं फार कळायचं असं बिलकुल नाही. मशीन हँग झालं की खालच्या डब्यावर हळूच थाप मारायचे, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. अन् खरं सांगतो, कधी कधी ते चालू पण व्हायचं!

तेव्हा, म्हणजे दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील, जालन्याच्या पोरांना बंदुकीच्या गेमचं वेड लागलं होतं. पाच जण इकडं, पाच जण तिकडं, सगळी मशीन वायरनं जोडलेली, अन् समोरच्या पाचांना मारायचं. प्रत्येक कॅफेची आपापली टीम. औरंगाबादला टूर्नामेंट व्हायची, तिथं जाऊन आलेला पोरगा महिनाभर कॉलर वर करून फिरायचा. घरच्यांना वाटायचं पोरं वाया गेली. आम्हाला वाटायचं आम्ही देशासाठी खेळतो.

भाऊ मॅच बघायचे ते बघण्यासारखं असायचं. खुर्चीच्या मागं उभं राहून, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर. पडद्यावर गोळी आली की स्वतः खाली वाकायचे! अन् आपला कोण, दुसऱ्याचा कोण, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळं कोणीही मेलं तरी त्यांचं "अरारारा" सारखंच. पोरं ओरडायची, "भाऊ, आपण मारलं त्याला, खूश व्हा!" भाऊ म्हणायचे, "व्हतो, व्हतो. पण लई तरणा व्हता."

आता थांबा, मुद्दा हा की मी भाऊंच्या टीमचा नव्हतो.

मी स्टेशनकडच्या कॅफेचा. आमचा कॅप्टन समीर, पॉलिटेक्निकला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. मी स्नायपर. लांब नळीची बंदूक घेऊन कोपऱ्यात दबा धरून बसायचं अन् समोरचं डोकं दिसलं की एकच गोळी. हे मला समीरनंच शिकवलं होतं. माऊस कसा धरायचा इथपासून. पण आमची मशीन! मी नेम धरला की नेमका पडदा थिजायचा, अन् परत चालू व्हायचा तेव्हा मी मेलेला असायचो. तिकडं भाऊंची मशीन नवी, टीम तयार, फक्त त्यांचा स्नायपर नोकरी लागून पुण्याला गेला होता. टूर्नामेंट पंधरा दिवसांवर. अख्खं जालना म्हणत होतं, भाऊंनी संत्याला घ्यावं. संत्या म्हणजे मी.

भाऊ काही बोलवेनात. मंग मीच गेलो. दुपारची वेळ, कॅफे रिकामा, भाऊ कूलरमध्ये पाणी ओतत होते.

मी म्हणालो, "भाऊ, मला घ्या तुमच्या टीममध्ये."

भाऊंनी कळशी खाली ठेवली. "समीरला माहिती हाय का?"

"त्याला काय विचारायचं? मी काय कुठं सही केलीय का? कागद हाय का काही?"

"कागद न्हाई म्हणून तर विचारून राह्यलो," भाऊ म्हणाले. "कागद असता तर मी कागद वाचला असता. न्हाई, तर मंग माणसालाच विचारावं लागंल ना?"

अन् मग त्यांनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं. त्यांच्याकडं सालगडी पाडव्याला बदलायचे. वर्षभराची बोली, तोंडी, कागद कधीच नाही. दुसऱ्याकडचा गडी कितीही चांगला असो, त्याला बांधावर गाठून फूस लावायची नाही. घ्यायचाच असेल तर पाडव्याच्या आधी त्या घरी जायचं, ओट्यावर बसायचं, चहा प्यायचा अन् सगळ्यांसमोर विचारायचं.

मला रागच आला. "मी काय कोणाचा सालगडी हाय का?"

"न्हाई रे," ते म्हणाले. "पण रीत चांगली हाय."

अन् मी, मूर्ख, समीरला काही न सांगता गुपचूप घरी गेलो. मला वाटलं भाऊ विचार करतील, चार दिवस जातील.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी भाऊ आमच्या कॅफेत! इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, अन् हातात मोसंबीची पिशवी. मुलगी बघायला आल्यासारखे! आमची प्रॅक्टिस चालू, सगळी टीम बसलेली. त्यांनी समीरच्या शेजारी स्टूल ओढलं, पिशवी की-बोर्डवर ठेवली. समीर विसाचा, हे चाळिशीचे, तरी त्याला अहोजाहो.

"समीरभाऊ, तुमचा संतोष आमच्याकडं यायचं म्हणून राह्यला. म्हणलं तुम्हाला विचारल्याबिगर बरं न्हाई. तुम्ही हो म्हणलं तर घेतो."

सगळ्या टीमच्या माना माझ्याकडं वळल्या. मी पडद्याकडं बघत होतो. पडद्यावर मी केव्हाच मेलो होतो.

समीरनं हेडफोन काढला. माझ्याकडं बघितलं, भाऊंकडं नाही. "कधी गेल्ता?"

"काल," मी म्हणालो.

"अच्छा. काल." मग तो भाऊंना म्हणाला, "भाऊ, टीमची यादी मी सकाळीच औरंगाबादला पाठवली. याचं नाव हाय त्यात. नियम हाय, एकदा गेलेलं नाव कॅप्टननंच कापायचं. मी कापणार न्हाई." अन् मला, "अन् तुला खेळवणार पण न्हाई. ऊठ."

माझ्या खुर्चीवर दुसरा पोरगा बसला. भाऊ मोसंबीची पिशवी तिथंच ठेवून निघून गेले.

तीन दिवस मी ना इकडचा ना तिकडचा. ज्या टूर्नामेंटसाठी वर्षभर डोळे फोडून घेतले, तिथं माझं नाव यादीत अन् मी घरी! चौथ्या दिवशी भाऊंच्या कॅफेत चढलो अन् सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तोंड सोडलं. "तुमच्या इमानदारीनं माझी वाट लागली! मला विचारलं का तुम्ही, की मी जाऊन सांगू का? तो मालक अन् मी काय बैल का? तुम्ही दोघांनी परस्पर बाजार केला!"

तुम्ही पण अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना कोणी बोललं की ती लगेच दुप्पट बोलतात. भाऊ तसे नव्हते. ते बोलणं आत जाऊ द्यायचे. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "माझ्या बापानं बी गड्याला कधी विचारलं न्हाई. मालकाला विचारायचा. गडी खाली उभा, अन् हे दोघं ओट्यावर चहा पिऊन राह्यले. मला लहानपणापासून वाटायचं किती चांगली रीत हाय. त्या गड्याला काय वाटत आसंल, हे आज तू सांगितलं म्हणून कळलं."

मला भांडायचं होतं हो! अन् समोरचा भांडेचना.

"चल," भाऊ म्हणाले.

"कुठं?"

"स्टेशनला. पण आज मी बोलणार न्हाई. आधी फक्त माझी चूक सांगतो, मंग तू बोलायचं."

तसंच झालं. समीर आम्हाला बघून उठून जायला लागला. भाऊ दारातच म्हणाले, "समीरभाऊ, मला तुमचा प्लेयर नको. ते सोडलं मी. मी या पोराला न विचारता त्याचं गुपित तुमच्या टीमसमोर फोडलं, ती चूक माझी. त्याची सजा त्याला देऊ नका."

समीर परत खुर्चीत बसला. मग म्हणाला, "भाऊ, तो जातो म्हणला असता तर मी रागावलो असतो, दोन दिवस. मला त्याचं काही न्हाई. त्याला मी माऊस धरायला शिकवला. अन् मला बाहेरच्याकडून कळतं? सगळ्यांसमोर?"

भाऊंनी मला कोपरानं ढोसलं. म्हणजे आता तू.

अन् तुम्हाला सांगतो, समोरच्या टीमचे पाचही जण बंदूक रोखून उभे असताना मी कधी घाबरलो नाही, पण तेव्हा घाबरलो. कसंबसं म्हणालो, "समीर, मला जायचंय. तिथली मशीन चांगली हायेत, अन् मला पुढं खेळायचंय. पण औरंगाबाद तुझ्यासोबत खेळतो. त्याच्या नंतर जातो. अन् हे मी तुलाच आधी सांगायला पाहिजे होतं. चुकलं."

"हां," समीर म्हणाला. "चुकलं." मग माझ्या खुर्चीवर बसलेल्या पोराला म्हणाला, "ए, ऊठ. बसू दे त्याला." अन् मला, "बस ना! आता काय पत्रिका देऊ का?"

भाऊ जाता जाता म्हणाले, "प्रॅक्टिसला सकाळी आमच्याकडं येत जा सगळे. आमची मशीन रिकामी असत्यात."

समीर हसला. "मंग तुम्हाला आमचे सगळे डाव कळतील."

"मला?" भाऊ म्हणाले. "मला अजून कोण कोणाला मारतंय ते कळंना!"

औरंगाबादला दुसरीच मॅच आमची भाऊंच्या टीमशी पडली. त्यांनी स्नायपर म्हणून एक अकरावीचा पोरगा उभा केला होता, बिचारा घामानं भिजलेला. शेवटी आमच्याकडून मी एकटा उरलो अन् त्यांच्याकडून तो. मी मारलं त्याला. भाऊ त्याच्या खुर्चीमागं होते. गोळी आली तसे वाकले, मग "अरारारा" म्हणाले, त्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, अन् मग सरळ आमच्याकडं येऊन टाळ्या वाजवायला लागले. पुढच्या मॅचला आम्हाला औरंगाबादच्या पोरांनी असं धुतलं की सांगायची सोय नाही, ते जाऊ द्या.

सोमवारी समीरनं स्वतः मला भाऊंच्या जिन्यापर्यंत सोडलं. वर आला नाही. "मशीन बघून घे, कूलरचं पाणी उडतं," एवढंच म्हणाला.

भाऊंकडं मी दोन वर्षं खेळलो. त्या दोन वर्षांत जालन्यातल्या सगळ्या कॅफेंमध्ये एक पद्धतच पडली. दुसऱ्याचा प्लेयर पाहिजे असेल तर आधी प्लेयरला विचारा. मग प्लेयरनं स्वतः जाऊन आपल्या कॅप्टनला सांगायचं. मग दोन कॅप्टननी बोलायचं. अन् यादी गेली की टूर्नामेंट होईपर्यंत कोणी हलायचं नाही. कुठं लिहिलेलं नव्हतं हे. कोणाच्या सह्या नव्हत्या. तरी मोडलं कोणी नाही, अन् आता मोठ्या मोठ्या टीमा रातोरात प्लेयर पळवतात असं वाचलं की मला हसू येतं. आमच्या खताच्या दुकानावर हे कोडं कधीच सुटलं होतं!

मग मला पुण्याच्या एका टीमचा फोन आला. बोलणारा म्हणाला, "आत्ता कोणाला बोलू नकोस, आधी ये." मी म्हणालो, मी आधी सांगणार, मग येणार. तुम्हाला चालत असेल तर बघा. त्यांना चाललं!

भाऊंना सांगितलं तेव्हा ते मॉनिटर पुसत होते. पुसलेलाच परत पुसला. "तुला जायचंय का?"

"हो."

"मंग जा. जल्दी जा, बुधवारी जातो न् शुक्रवारी जातो करू नको. जाणाऱ्यानं रेंगाळलं की राहणाऱ्याला लई तरास हुतो."

कॅफे आता नाही. घरोघरी इंटरनेट आलं, पोरं जिना चढायची बंद झाली, अन् भाऊ आठही मशीन विकून गावाकडं गेले. मोसंबीची बाग लावलीय म्हणे. फोन केला तर बहुतेक लागत नाही, लागला तर पाण्याची मोटर ओरडत असते अन् दोघांनाही काही ऐकू येत नाही.

मी पुण्याला निघालो त्या सकाळी मात्र ते जालन्याच्या स्टँडवर आले होते. समीर पण. माझी बॅग त्यांनीच वर ठेवली, खिडकीची जागा धरून दिली, कंडक्टरला उगाच दोन वेळा सांगितलं की पोरगा पुण्याला उतरणार आहे. गाडी सुटली. मी हात हलवायला खिडकीतून वाकलो, तर भाऊंचं माझ्याकडं लक्षच नाही! ते समीरकडं वळले होते अन् काहीतरी विचारत होते. समीरच्या टीममधला नवा स्नायपर मागं सायकलीवर टेकून उभा होता, अन् भाऊंकडची माझी जागा आता रिकामी. भाऊंनी आधी त्याच्याकडं बोट केलं, म्हणजे आधी तू सांग. पोरानं समीरकडं बघितलं. समीर हसत मान हलवत होता, न्हाई, न्हाई. अन् भाऊ दोन्ही हात पाठीमागं बांधून, त्याची मान थांबायची वाट बघत उभे होते.