जोशीमठला मी हरवले नव्हते

बाळांनो, काल फोनवर तुम्ही पुन्हा हसलात, "आजी जोशीमठला हरवली होती ना!" तुमचे आजोबा आता नाहीत, म्हणून खरं काय ते लिहून ठेवते.

लग्नाआधी बुलढाण्याच्या घाटातली एकही टेकडी मी सोडली नव्हती. खामगावला सासरी आले आणि सात वर्षं माडीच्या जिन्यापलीकडे काही चढले नाही. मग आम्ही सगळे जीपने बद्रीनाथला निघालो. जोशीमठला दरड कोसळून रस्ता बंद झाला. सासूबाई डाळ निवडत बसल्या. मी आजोबांना म्हटलं, "वरच्या कुरणापर्यंत जाऊन येते." त्यांनी होकारार्थी मान हलवली.

देवदारांचा ओला वास, विरळ थंड हवा, छातीत धडधड. कुरणावर पोचले तेव्हा समोर बर्फाच्या शिखरांची अख्खी रांग उभी होती आणि मी एकटीच मोठ्याने हसत होते. माझं ते हसणं मी विसरूनच गेले होते.

परतले तेव्हा दुपार उलटली होती. सासूबाई कडाडल्या, "काऊन वो, कुठं गेली होती? जीवाले घोर लावला ना आमच्या!"

"जाऊ दे ना माय, वाट चुकली ते बिचारी," आजोबा म्हणाले. सगळे हसले. मी मान खाली घातली.

त्यांनी मला वाचवलं, असं मी बरीच वर्षं मानलं. आता वाटतं, त्यांनी स्वतःला वाचवलं. त्यानंतर मला कुणी एकटीला डोंगरावर जाऊ दिलं नाही. वाट चुकणारी बाई ना मी!

त्या दिवशी कुरणावरून उतरताना दगडावर आपटलेलं पायाच्या अंगठ्याचं नख अजून वाकडंच वाढतं.