आधी बादली

कामावरून आलेल्या माझ्या मामांना कुणी हात लावलेला मी कधी पाहिला नाही. हर्सूलच्या आमच्या गल्लीत त्यांची मोटरसायकल वळली की ते दुरूनच ओरडायचे, "सरका रं पोरांनो, काच आली!" कुणी जय भीम करायला पुढं आलं, तरी हे चार पावलं मागं सरून हात जोडणार. गल्लीनं त्यांचं नाव काचमामा ठेवलं आणि त्या नावावर स्वारी खूशही होती.

काच म्हणजे काचेचा धागा. वाळूजच्या कारखान्यांत ॲसिडच्या टाक्या असतात. ॲसिड लोखंड खातं, काँक्रीटही खातं, म्हणून टाकीला आतून अस्तर लावतात. काचेच्या धाग्यांची मॅट चिकटवायची, तिच्यात रेझिन, म्हणजे वाळून दगड होणारा चिकट रस, मुरवायचं, रोलर फिरवून हवा काढायची, असे थरावर थर. मामांचा जन्म त्यात गेला. कुणी कामाचं विचारलं की म्हणायचे, "टाक्यांना बनियन घालतो." पण ती मॅट कापताना, घासताना तिचा भुगा अंगभर बसतो. दिसत नाही, टोचत मात्र राहतो.

हवेशी त्यांचं हाडवैर होतं. थरात बुडबुडा राहिला की ॲसिड नेमकं तिथूनच शिरतं. त्यामुळे घरीसुद्धा त्यांची बोटं गप्प बसत नसत. माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हर तेच घालायचे, तळहातानं मधून कडेकडे दाबत. एकदा मामीच्या ताटातली टम्म फुगलेली भाकरी त्यांनी सवयीनं दाबून सपाट केली. मामी दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

बादली मामीची. लेक तान्ही असताना मामांनी तिला कामाच्या कपड्यांतच उचललं आणि पोरीच्या अंगावर लाल पुरळ उठलं. दुसऱ्या दिवसापासून मागच्या दारी थंड पाण्याची बादली भरलेली असायची. "आधी बादली, मग लेकरू," मामीनं बजावलं. लेक मोठी झाली, सासरी गेली, बादली तिथंच राहिली. पुढं तर मामीला बोलावंही लागत नसे. मामा दारात दिसले की ती ओट्यापाशी उभी राहून नुसता हात वर करायची, आणि मामा मुकाट्यानं मागच्या दाराकडं वळायचे. इतका ऐकणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मामीला झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. मी तिला दवाखान्यात नेलं आणि मामांना फोन लावत राहिलो. मामा टाकीत होते. रेझिनची वाफ पेट घेते म्हणून आत फोन नेऊ देत नाहीत. संध्याकाळी ते कामाच्या कपड्यांतच धावत आले आणि वॉर्डच्या दारात थबकले. मामीनं डोळे उघडले. चालत होता तो हात तिनं चादरीवरून जरासा उचलला.

"बघ, बादली म्हणती," मामा कसंनुसं हसले. "आलोच गं मी."

"मामा, जवळ जा ना. हात धरा मामीचा."

"नको रं. लई नाजूक कातडी हाय तिची. आता तर खाजवताबी येणार नाय तिला."

"निदान खालच्या नळावर हात धुवा."

"नुसत्या हातानं भागत नाय. अंगभर हाय."

ते हर्सूलला गेले. औरंगपुऱ्याच्या गर्दीतून वाट काढत परत आले तेव्हा अंगात धुतलेला शर्ट होता, केस ओले होते, आणि मामी गेलेली होती. मग ते तिचा हात धरून बसले, सोडायलाच तयार होईनात. मला त्यांचा राग आला नाही. कुणाचाच येईना, आणि तेच सहन होत नव्हतं.

मामा आता कामावर जात नाहीत. मी रविवारी जातो. चहा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं, मग ते हळूच विचारतात, "तू व्हतास ना रं तिथं. खरं सांग, ती जा म्हणली का ये म्हणली?"

मी तो हात पाहिला होता. नुसता जरासा उचललेला होता. त्यावरून मला आजही काही सांगता येत नाही.

"जा म्हणाली, मामा. आधी बादली."

"व्हय," ते मान हलवतात. "तशीच व्हती ती."

पुढच्या रविवारी पुन्हा विचारतात.