पंचावन्न मिनिटं

विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेल्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान. बावीस वर्षं तिथल्या लोकांचे गणवेश तिनेच शिवले, उसवले, कंबरेत सैल केले. पण विमानात कधी पाय ठेवला नाही, आणि कोण कुठे उडतं हेही कुणाला विचारलं नाही. गिऱ्हाइकाचं माप घ्यावं, ठावठिकाणा विचारू नये, ही आईची शिकवण. आई जाऊन वर्ष होत आलं तरी तिने ती सोडली नव्हती.

परवा सकाळी विमानात काम करणारी एक मुलगी कोटाची उसवलेली बाही घेऊन आली.

"मावशी, मी जाऊन येते, तोवर होईल ना?"

"जाऊन येते म्हणतेस, जशी कोपऱ्यावर भाजीच आणायला निघालीस."

"भाजीला जास्त वेळ लागतो हो," मुलगी हसली आणि तिने शहराचं नाव सांगितलं. नेमकं धाकट्या भावाचं शहर. "साडेतीनशे किलोमीटर. पंचावन्न मिनिटं. अडीच तासांत परत."

"मध्ये विमान बदलावं लागत असेल ना?"

"छे हो. सरळ जातं. चार वर्षं झाली, दिवसाला तीन फेऱ्या."

मुलगी गेली. ही सुईत दोरा ओवायला बसली, तर दोरा जाईना.

आई गेली त्या दिवशी सकाळी आठला भावाला फोन केला होता. "निघालोच, ताई. पण दोनदा विमान बदलायचंय, सात तास तरी लागतील." शिकलेला भाऊ, तिने लहानाचा मोठा केलेला. शंका घ्यायचं कारणच नव्हतं. आई दर थोड्या वेळाने विचारायची, "कुठवर आला गं?" आणि ही सांगायची, "विमानात बसलाय. निम्म्यात आलाय. आता पोचतोच." दुपारी एकला आईने विचारायचं थांबवलं. तो तीनला आला.

तिने बाही बाजूला ठेवली आणि फोन लावला.

"काय गं ताई, आज सकाळी सकाळी?"

"तुझ्याकडून इथे यायला पंचावन्न मिनिटं लागतात म्हणे."

त्याला बोलू न देता तिने पुढे विचारलं,

"त्या दिवशी सात तास काय करत होतास?"

"घरीच होतो," तो म्हणाला. "बॅग भरून बसलो होतो. दहाचं विमान सोडलं. आईला तसं बघवलं नसतं गं मला."

"मला बघवत होतं?"

"तुझं काळीज घट्ट आहे, ताई."

"कुणी सांगितलं तुला?" तिचा आवाज चढला नाही. "अरे, नाही येववत म्हणाला असतास, तर आईला मी तेच सांगितलं असतं. समजून घेतलं असतं तिने, तुझं तर सगळंच घ्यायची. मरणाऱ्या आईशी मी पाच तास खोटं बोलले. तेही देवाशपथ खरं समजून."

"चुकलं माझं. उद्या येतो. सकाळच्याच विमानाने."

"नको येऊस. तू निघालो म्हणशील आणि मला कळायचं नाही, निघालायस का घरीच बसलायस."

फोन ठेवून ती देवापुढे जाऊन बसली. आईची माफी मागायची होती, ती देवाकडे मागितली. दरवेळी देवाकडे काही मागताना आपल्याआधी ती भावासाठी मागत असे. आज त्याचं नाव तोंडात येईना, आणि तिने आणलंही नाही.