स्टुलावरची बाटली

बारामतीत शाळांसाठी भरणाऱ्या भौतिकशास्त्राच्या एका सांघिक स्पर्धेला आधी तेराच नियम होते. चौदावा माझ्यामुळे आला.

माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. पाइप, फिल्टर, व्हॉल्व्ह विकतो आणि शेतावर जाऊन बसवूनही देतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या कितीतरी बागांत मी उभ्या केलेल्या टाक्या आजही दिसतात. (एक जरा वाकडी आहे. ती वडगाव निंबाळकरला आहे आणि त्या रस्त्याने मी शक्यतो जात नाही.) सांगायचा मुद्दा असा, की पाण्यातलं मला सगळं कळतं अशी माझी त्या वर्षापर्यंत ठाम समजूत होती.

आमची मुक्ता तेव्हा नववीत होती. एक दिवस ती शाळेतून नियमांचा कागद घेऊन आली. चार जणांचा संघ. सगळ्या संघांना एकच प्रश्न: पाण्याने काठोकाठ भरलेल्या उभ्या बाटलीला एकाखाली एक तीन छिद्रं पाडली, तर कोणत्या छिद्राची धार सगळ्यांत लांब पडेल? प्रयोग करून दाखवा आणि कारण सांगा. जिंकणाऱ्या संघाला पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत अख्खा दिवस नेणार होते. तिथे म्हणे काचेची एक उंच नळी होती. आतली हवा काढून टाकली, की तिच्यात पक्ष्याचं पीस आणि लोखंडाची गोळी एकाच वेळी तळाला पोचतात. मुक्ताला ते डोळ्यांनी पाहायचं होतं. महिनाभर जेवताना आम्ही भाजीबरोबर तेच ऐकत होतो.

आमच्या मंडळींनी, म्हणजे सुनंदाने, तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि मला म्हणाली, "अहो, एकदा वाचून तरी घ्या."

"नियम मुलांसाठी असतात," मी म्हणालो.

"यातले दोन पालकांसाठी आहेत. नववा ऐका. घरच्या कुणाची मदत घेतली असेल, तर सामन्याच्या सुरुवातीला त्यांचं नाव जाहीर करायचं."

"माइकवरून?"

"असेल माइक. आणि अकरावा..."

अकरावा मी ऐकलाच नाही. माइकवरून आपलं नाव, पुढे सगळ्या शाळांच्या सरांची, मॅडमची गर्दी, आणि त्यातले निम्मे बागायतदार! मी त्याच संध्याकाळी मदतीला बसलो. (मुक्ताने मदत मागितली नव्हती, हे इथे नोंदवलेलं बरं.)

उत्तर मला माहीतच होतं. मी सहावीत असताना आमच्या गुरुजींनी तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने तीन छिद्रं पाडली होती आणि डबा टेबलावर ठेवून पाण्याने भरला होता. आम्ही खाली सतरंजीवर बसलो होतो. वरच्या छिद्राची धार टेबलाच्या पायाशी पडली, मधली जरा पुढे, आणि सगळ्यांत खालची थेट पहिल्या ओळीत बसलेल्या माझ्या सदऱ्यावर. वर्ग खदखदून हसला, गुरुजीही हसले. हे विज्ञान आहे, हे घरी आईला पटवता पटवता माझी पुरेवाट झाली. पण धडा असा पक्का झाला, की तो ओला सदरा मला आजही आठवतो. गुरुजी आता नाहीत. त्यांच्याएवढ्या आनंदाने शिकवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"सगळ्यांत खालची धार लांब जाणार," मी मुक्ताला सांगितलं. "खाली पाण्याचा दाब जास्त. विषय संपला."

मुक्ताने मोरीत फरशीवर बाटली ठेवली, वरून मगाने पाणी ओतत राहिली. सगळ्यांत लांब मधली धार पडली.

"छिद्र वाकडं पडलंय," मी म्हणालो.

तिने दुसरी बाटली आणली. माझ्याच दुकानातल्या ड्रिलने सरळ छिद्रं पाडली. पुन्हा मधलीच.

"बाटलीच चेपलेली आहे."

तिसरी बाटली. पुन्हा मधली. आता मला राग यायला लागला. आणि मग माझ्या लक्षात आलं, की ही पोरगी बाटली जमिनीवर ठेवतेय. मी हसलो आणि प्लास्टिकचं स्टूल आणून बाटलीखाली सरकवलं. खालची धार सुसाट निघाली आणि दारात उभ्या असलेल्या सुनंदाच्या पायावर पडली.

"बघ! अगं, जमिनीवर ठेवलेली टाकी कुठं पाहिलीस का? टाकी कायम उंचावर असते. इतकी वर्षं मी लोकांना तेच सांगतोय."

"पण पप्पा, मग स्टुलामुळे उत्तर बदललं ना?"

"उत्तर बदललं नाही. बाटलीला तिची योग्य जागा मिळाली."

मुक्ताने पेन उचललं. वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, माझंच वाक्य लिहून घेतेय.

पुढच्या रविवारी इंदापूरहून धाकट्या बहिणीचा, मंगलचा, फोन आला. त्यांच्या डाळिंबाच्या बागेचं ठिबक मीच बसवलेलं.

"दादा, आमच्या पल्लवीची शाळा बी हाय त्या स्पर्धंत. तिला तेवढं पाण्याचं समजावून सांग की. हितं कुणाला ठावं न्हाय."

आता सख्ख्या भाचीला नाही म्हणायचं कसं? स्पर्धेत सहा संघ, या दोघींची गाठ पडायची शक्यता ती किती? मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन पल्लवीला व्हिडिओ कॉल लावला.

"मामा, मी जिमिनीवर ठिवून बघितलं. मधली लांब जातीया."

"छिद्र वाकडं असेल. स्टुलावर ठेव."

"स्टूल न्हाय आमच्यात."

"मग पिंप पालथं घाल आणि त्यावर ठेव. टाकी कायम उंचावर असते."

तिने पिंप पालथं घातलं. पाच मिनिटांत तिकडून आनंदाचा आवाज आला. मग तिने विचारलं, "मामा, तुमचं नाव सांगायचं न्हवं? नियमच हाय तसा."

इथे शहाणा माणूस नको म्हणाला असता. पण एकाच दिवशी माइकवरून दोनदा नाव! मी म्हणालो, "नियमच आहे म्हटल्यावर सांग बापडी."

घरी मात्र यातलं चकार शब्दाने बोललो नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि दुसऱ्या ओळीत मधोमध बसलो. चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरल्या; जोडीतल्या एकाने मांडायचं, दुसऱ्याने हरकती घ्यायच्या, मग उलट. पहिलीच जोडी निघाली इंदापूर आणि बारामती. मी शर्टाची कॉलर सारखी केली आणि समोर बघत राहिलो.

परीक्षक एक निवृत्त प्राध्यापक होते, अगदी हळू आवाजात बोलणारे. त्यांनी दोन्ही संघांना मदतनीसांची नावं विचारली.

"माझे मामा, दिलीपराव गायकवाड, बारामती," पल्लवी खणखणीत आवाजात म्हणाली.

मुक्ताने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग माइकजवळ जाऊन म्हणाली, "माझे वडील. दिलीपराव गायकवाड. बारामती."

"हे दोन गृहस्थ एकच आहेत का?" सरांनी विचारलं.

"हो सर," दोघी एकदमच म्हणाल्या.

सभागृहात खसखस पिकली. सुनंदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "पांढरा शर्ट उगाच नाही घातला."

आधी पल्लवीची पाळी होती. तिने पिंप सोबत आणलं होतं, पण आयोजकांनी ते बाजूला ठेवलं. चौथा नियम: बाटली जमिनीवर, आयोजकांच्या ट्रेमध्येच ठेवायची आणि अंतर तिथेच मोजायचं. पल्लवीने घाबरतच बाटली ट्रेमध्ये ठेवली. मधली धार सगळ्यांत लांब गेली. पोरीचा चेहरा उतरला.

मग मुक्ताच्या संघाने हरकती घ्यायच्या होत्या. सातवा नियम असा, की हरकत घेणाऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे, आपलं उत्तर सांगायचं नाही. मुक्ता उठली.

"तुम्ही घरी बाटली कशावर ठेवली होती?"

"पालथ्या पिंपावर."

"ते कुणी सुचवलं?"

"मामांनी."

"कारण काय दिलं?"

"टाकी कायम उंचावर असती म्हणून."

"तुम्ही एकदा तरी जमिनीवर ठेवून पाहिली होती का?"

"पाहिली हुती. मधलीच लांब गेली. पण मामा म्हणाले, छिद्र वाकडं हाय."

लोक हसत होते. परीक्षक सर रुमाल तोंडाला लावून कागदावर काही लिहीत होते. कोर्टात आपलीच पोरगी वकील, आपलीच भाची साक्षीदार, आणि आरोपी दुसऱ्या ओळीत मधोमध! माझं डोकं फिरलं. मी ताडकन उभा राहिलो.

"सर, त्यांना स्टूल द्या! उंचावर ठेवलं की खालचीच लांब जाते, मी लिहून देतो!"

सुनंदाने माझा शर्ट मागून ओढला, पण उशीर झाला होता. सरांनी चष्मा काढला. "गायकवाडसाहेब, अकरावा नियम. मदतनीस सभागृहात बोलला, तर त्याच्या संघाचे पाच गुण वजा." मग त्यांनी दोन्ही संघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमचे संघ दोन आहेत."

दोन्हीकडचे पाच-पाच गुण गेले. मी खाली बसलो आणि जमिनीकडे बघत राहिलो.

मग मुक्ताची मांडणी झाली. तिने वही उघडली. माझं वाक्य त्यात कुठेच नव्हतं. तिने बाटली जमिनीवर, एका विटेवर, दोन विटांवर आणि स्टुलावर ठेवून प्रत्येक वेळी तिन्ही धारा मोजल्या होत्या. (विटा माझ्याच दुकानामागच्या. मला पत्ता नाही.) ती सांगत होती, "खालच्या धारेला जोर जास्त, पण जमीन जवळ, म्हणून पडायला वेळ कमी मिळतो. वरच्या धारेला वेळ भरपूर, पण जोर कमी. मधल्या धारेला दोन्ही बेताचं मिळतं, म्हणून जमिनीवर ती जिंकते. बाटली पुरेशी उंच ठेवली, की खालच्या धारेलाही वेळ मिळतो आणि मग ती जिंकते." म्हणजे गुरुजी चुकले नव्हते. त्यांचं टेबल उंच होतं, आणि ते टेबल मी आयुष्यभर विसरून गेलो होतो.

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. निकालात भिगवणचा एक संघ पहिला आला. मुक्ताचा संघ तीन गुणांनी मागे राहिला. तीन! वजाबाकी माझ्यासकट सगळ्यांना जमत होती.

घरी जाताना मी गाडी उगाचच हळू चालवत होतो. शेवटी मीच म्हणालो, "मुक्ता, चुकलं माझं. तुझी ती नळी गेली माझ्यामुळे."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हरल्याचं काही नाही पप्पा. मी तुम्हाला तीनदा करून दाखवलं. तुम्ही तीनही वेळा बाटलीत चूक काढलीत."

मला माझीच फार लाज वाटली, आणि त्या लाजेतसुद्धा या पोरीचं कौतुक वाटत होतं, ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

तेवढ्यात मंगलचा फोन आला. "दादा, पल्लवी म्हणत्या, मामाला परत काय इचारायचं न्हाय."

पुढच्या वर्षी नियमावलीत चौदावा नियम आला: एका मदतनीसाने एकाच संघाला मदत करावी. मी मात्र त्याआधीच, मे महिन्याच्या सुट्टीत, शाळेच्या मॅडमकडून अर्ज लिहून घेतला, प्रयोगशाळेची परवानगी काढली आणि दोघींना गाडीत घालून पुण्याला नेलं. भिगवणला मासे खाताना पल्लवी पुन्हा माझ्याशी बोलायला लागली. (इंदापूरहून तिला घेऊन भिगवणमार्गे गेलो. माशांचा उपयोग होतो.)

प्रयोगशाळेत ती उंच नळी खरंच होती. तिथल्या बाईंनी आम्हा सगळ्यांना विचारलं, "आत हवा नाही. आता सांगा, पीस आधी पडेल की गोळी?"

मी तोंड उघडलं.

"पाच गुण," दोघी एकदम म्हणाल्या.

मी तोंड मिटलं. पीस आणि गोळी एकदमच तळाला पोचली. मुक्ताने माझा हात घट्ट धरला होता, आणि तिने तो सोडू नये असं मला वाटत होतं. मला ती नळी ठीकच वाटली, पण तो हात अजून आठवतो.

त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात मी काहीही ठासून सांगायला लागलो, की कुठूनतरी "पाच गुण" ऐकू यायचं. पावसाचा अंदाज, पाच गुण. निवडणुकीचा अंदाज, दहा. आता मुक्ता भौतिकशास्त्र शिकायला पुण्यात हॉस्टेलवर असते. घरात मी वाटेल ते ठासून सांगतो आणि कुणी अडवत नाही. त्यात काही मजा नाही.

परवा मोरगावकडचे एक तात्या दुकानात आले. नवीन टाकी घेतली आणि विचारलं, "गायकवाड, ही खाली ठिवू का उंचावर? पाणी कसं जाईल लांब?"

मी छाती पुढे काढली. तोंड उघडलं. मग सवयीने मागे वळून पाहिलं.

"तात्या, जरा बसा," मी म्हणालो, "पोरीला फोनवर विचारून सांगतो."